दात जोडण्याची नवी विद्या

रंगाचा व्यापार करणाऱ्या कोणत्याही दुकानदाराला विचारावे. तो सांगेल की रंग टिकतो तो निम्मा डब्यातल्या मालामुळे आणि निम्मा पृष्ठभागाच्या तयारीमुळे. तुळतुळीत पत्र्यावर थेट रंग फासला तर पहिल्याच पावसाळ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणून पत्रा आधी घासावा, धुवावा, कोरडा करावा, त्यावर प्रायमर द्यावा आणि मगच रंगाचा हात फिरवावा. दंतवैद्यकाला हे बाजारातले ज्ञान उमगायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे ईस्टमन डेंटल डिस्पेन्सरी या संस्थेत संशोधन करणारे मायकेल बुओनोकोर यांनी कारखान्यांतील एक रीत ध्यानात घेतली. धातूवर रंग आणि राळ नीट धरावी यासाठी तेथे पृष्ठभागावर आधी फॉस्फोरिक आम्ल लावीत. तेच आम्ल, ८५ टक्के तीव्रतेचे, त्यांनी दाताच्या पृष्ठभागावर अर्धा मिनिट ठेवले, धुतले, दात कोरडा केला आणि त्यावर ॲक्रिलिकचा ठिपका लावून पाहिला. आम्ल न लावलेल्या दातावरून लवकर गळून पडणारा ठिपका येथे कितीतरी पट अधिक काळ टिकून राहिला. १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या छोट्याशा निबंधाने दंतवैद्यकाची एक संपूर्ण शाखा जन्माला घातली.

तोवर दात दुरुस्त करण्याची रीत सुताराच्या रीतीसारखी होती. आपल्या वडीलधाऱ्यांच्या दाढांत आजही दिसते ती ‘चांदी’, म्हणजे पारा आणि चांदी-कथिलादी धातूंचे मिश्रण, दाताला चिकटत नाही. ती केवळ खळग्यात अडकून राहते. ती अडकावी म्हणून खळगा तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद कोरावा लागे. शिवाय कीड पुढे पसरू नये म्हणून आसपासच्या निरोगी खाचाही कोरून घ्याव्यात, असा अमेरिकेतील जी. व्ही. ब्लॅक यांचा दंडक अनेक पिढ्यांनी पाळला. त्या काळच्या साधनांचा विचार करता तो चुकीचा नव्हता. पण त्याची किंमत निरोगी दाताने मोजली. तिळाएवढ्या किडीसाठी हरभऱ्याएवढा खळगा, काही वर्षांनी दाताच्या उरलेल्या भिंतीला तडा, मग रूट कॅनॉल, मग कॅप, आणि शेवटी दात काढणे, अशी ती उतरण अनेक घरांनी पाहिली आहे. चिकटवण्याच्या विद्येमुळे या उतरणीची पहिलीच पायरी टाळता येऊ लागली. माल आपोआप धरून राहत असेल, तर त्याला अडकवण्यासाठी निरोगी दात कोरण्याचे कारण उरत नाही.

दाताचे बाहेरचे कवच, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असते. सूक्ष्मदर्शकाखाली ते दाटीने उभ्या केलेल्या अतिसूक्ष्म दांड्यांसारखे दिसते. आम्ल या दांड्यांना कमी-अधिक विरघळवते आणि गुळगुळीत पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारे असंख्य खड्डे पडतात. त्यांत पातळ राळ शिरते, निळ्या प्रकाशाने तेथेच घट्ट होते आणि हजारो सूक्ष्म खिळ्यांनी दाताला धरून बसते. आज साधारण ३७ टक्क्यांचे आम्ल, बहुधा निळ्या किंवा हिरव्या जेलच्या रूपात, पंधरा ते तीस सेकंद लावतात. धुऊन कोरडा केल्यावर दात खडूसारखा पांढुरका दिसला, म्हणजे आम्लाने आपले काम केले. ही पकड चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलो इतकी असू शकते, आणि चांगले एनॅमल असेल तर ती वर्षानुवर्षे टिकते.

खरी कसोटी लागते ती त्याच्या आतल्या थरात. डेंटीन हा जिवंत, ओलसर पदार्थ आहे. त्यात खनिज वजनाने सुमारे ७० टक्केच. उरलेला भाग प्रथिनांचा आणि पाण्याचा. दातातील नसेपासून निघालेल्या सूक्ष्म नलिका त्यातून बाहेरच्या दिशेने जातात. चौरस मिलिमीटरमध्ये त्यांची संख्या हजारोंत भरते आणि त्यांत द्रव असतो. म्हणजे आपण ज्याला चिकटवू पाहतो तो पृष्ठभाग आतून सतत पाझरत असतो. ओल धरलेल्या भिंतीवर रंग का टिकत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाही.

ती सोडवण्याचे मोठे श्रेय जपानकडे जाते. टोकियोतील ताकाओ फुसायामा यांनी १९७९ च्या सुमारास एनॅमलबरोबर डेंटीनलाही आम्ल लावण्याचे धाडस केले, तेव्हा त्याने आतली नस दगावेल असे पाश्चात्त्य देशांतील अनेकांना वाटत होते. पुढे १९८२ मध्ये नोबुओ नाकाबायाशी आणि सहकाऱ्यांनी या चिकटण्यामागचे कारण दाखवून दिले. आम्लाने डेंटीनमधील खनिज निघून गेले की कोलॅजेन या प्रथिनाची जाळी मोकळी होते. राळ त्या जाळीत झिरपून घट्ट झाली की तेथे निम्मा दाताचा आणि निम्मा राळेचा असा एक नवा संमिश्र थर तयार होतो. तो काही मायक्रॉन जाडीचा, केसाहून कितीतरी पातळ असतो. पण पुढे वीस वर्षे दात दुखणार की नाही, हे पुष्कळ अंशी तोच ठरवतो.

या जाळीचा स्वभाव मात्र नाजूक आहे. दात हवेने फार सुकवला तर ती ओल्या वस्त्रासारखी खाली बसते, आणि राळेला आत शिरण्यास वाट उरत नाही. फार ओला ठेवला तर पाणीच जागा अडवून बसते. राळ जेथे पोहोचली नाही तेथील उघडी जाळी पुढे दाताच्याच अंगचे विकर हळूहळू कुरतडतात. फिलिंग केल्यावर काही आठवडे गार पाण्याने झिणझिण्या येणे किंवा दोन-तीन वर्षांतच कडेला काळी रेघ दिसणे यामागे अनेकदा हे असते. तेव्हा दोष मालाचा असतो तितकाच, बऱ्याचदा अधिक, त्या दोन मिनिटांच्या हातकामाचा असतो.

यावर उपाय म्हणून आम्ल वेगळे न लावता, स्वतःच सौम्यपणे आम्लधर्मी असणारी चिकटद्रव्ये आली. जपानच्या कुरारे कंपनीने विकसित केलेला एम-डी-पी हा घटक दातातील कॅल्शियमशी प्रत्यक्ष रासायनिक बंध जोडतो. येथे पकड केवळ खड्ड्यांत अडकण्याची राहत नाही. २०११ नंतर बाजारात आलेल्या बहुतेक ‘युनिव्हर्सल’ चिकटद्रव्यांत हा घटक असतो. आज अनेक अनुभवी डॉक्टर दोन्हींचा मेळ घालतात. बाहेरच्या एनॅमलवरच फॉस्फोरिक आम्ल लावतात आणि आतल्या डेंटीनचे काम या सौम्य द्रव्यावर सोपवतात. माझ्या मते हा मध्यममार्ग सर्वांत शहाणपणाचा आहे. एका बाटलीत, एका थरात सर्व काही उरकण्याची जाहिरात वाचायला बरी वाटते. पण तीच बाटली दोनदा चोळून लावली, त्यातील अल्कोहोल किंवा ॲसिटोन हवेच्या झोताने पुरते उडवले आणि मग प्रकाश दिला, तरच ती आपल्या किमतीला जागते.

आणखी एक जोड येथे नोंदवली पाहिजे. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत ॲलन विल्सन आणि ब्रायन केंट यांनी ग्लास आयोनोमर हे सिमेंट शोधले आणि १९७२ च्या सुमारास ते जगासमोर आले. ते दाताच्या कॅल्शियमशी आपोआप बंध धरते, थोडी ओल सहन करते आणि फ्लोराइड सोडत राहते. ते कॉम्पोझिटइतके मजबूत किंवा देखणे नसते, पण आजी-आजोबांच्या हिरड्यांजवळ लागलेल्या किडीसाठी आणि खुर्चीत फार वेळ न बसणाऱ्या मुलांसाठी त्याची उपयुक्तता आजही कमी झालेली नाही.

कुटुंबाच्या दृष्टीने या सर्वाचा खरा अर्थ उपचाराच्या निवडीत उतरतो. दाढेचा एक कोपरा तुटला, तर पूर्वी एकच उत्तर असे, पूर्ण कॅप. कॅपसाठी दात चहूबाजूंनी तासावा लागतो. डॅनियल एडलहॉफ आणि जॉन सोरेन्सन या संशोधकांनी दात तासण्यापूर्वी व नंतर त्यांचे वजन करून पाहिले आणि २००२ मध्ये निष्कर्ष मांडला. समोरच्या दातांवर पूर्ण कॅप बसवण्यासाठी दाताच्या दिसणाऱ्या भागाचा ६३ ते ७२ टक्के अंश तासला जातो. चिकटवून बसवायच्या पातळ व्हेनियरसारख्या कामांसाठी हेच प्रमाण ३ ते ३० टक्के राहते. भांडवलातील दोन-तृतीयांश रक्कम एका दुरुस्तीवर खर्च करायची की नाही, हा प्रश्न आपल्या वाचकांना अपरिचित नसावा. तुटलेल्या कोपऱ्यापुरता सिरॅमिकचा तुकडा बनवून तो चिकटवणे, ज्याला ऑनले म्हणतात, हा आज बऱ्याच वेळा योग्य पर्याय असतो. तो प्रत्येक वेळी शक्य नसतो. तुटलेली कड हिरडीच्या खोल आत गेली असेल, रात्री दात खाण्याची सवय तीव्र असेल किंवा एनॅमल जवळजवळ उरलेच नसेल, तर कॅपच बरी. पण ‘दात तासण्याऐवजी काही चिकटवून भागेल का?’ हा प्रश्न विचारून घेण्यात संकोच नसावा.

हा प्रश्न सर्वाधिक महत्त्वाचा ठरतो तो तरुण मुला-मुलींच्या बाबतीत. पुढच्या मोठ्या दाताशेजारचा लहान दात जन्मतःच नसणे ही काही कुटुंबांत चालत आलेली गोष्ट असते. मुलगी सोळा-सतरा वर्षांची, जबड्याची वाढ अजून चालू, म्हणून इम्प्लांट बसवता येत नाही. आणि घरात मात्र घाई, की पुढे स्थळे पाहायची आहेत. अशा वेळी शेजारचे दोन निर्दोष दात तासून ब्रिज बसवला जातो, आणि ती मुलगी आयुष्यभरासाठी तीन दातांची रुग्ण होते. याला पर्याय आहे. १९८० च्या दशकात मेरीलँड विद्यापीठात धातूच्या पातळ पंखांनी मागच्या बाजूस चिकटवायचा ब्रिज तयार झाला आणि त्यालाच मेरीलँड ब्रिज हे नाव पडले. सुरुवातीच्या रचनेत दोन्ही बाजूंच्या दातांवर एकेक पंख असे. पण चावताना दोन दात थोडे वेगवेगळे हलतात. त्या ओढाताणीत एक पंख सुटतो, दुसरा धरून राहतो आणि सुटलेल्या पंखाखाली कीड दडते. जर्मनीच्या कील विद्यापीठातील मॅथियास केर्न यांनी दीर्घकाळ रुग्णांचा पाठपुरावा करून दाखवले की सिरॅमिकचा, एकाच बाजूला एकच पंख असलेला ब्रिज दोन पंखांच्या ब्रिजपेक्षा अधिक टिकतो. दोन आधारांपेक्षा एक आधार बरा, हे व्यवहारात चमत्कारिक वाटते खरे. पण येथे तसेच घडते. अशा ब्रिजसाठी दात जवळजवळ तासावाच लागत नाही, आणि पुढे वाढ पूर्ण झाल्यावर इम्प्लांटचा मार्ग मोकळा राहतो.

येथे मालाच्या जातीकडेही लक्ष द्यावे. काचयुक्त सिरॅमिकची आतली बाजू कारखान्यात किंवा दवाखान्यात हायड्रोफ्लोरिक आम्लाने खरवडून त्यावर सिलेन नावाचे द्रव्य लावतात. तेव्हा ते राळेशी घट्ट जुळते. सध्या लोकप्रिय असलेल्या झिर्कोनियात काच नसल्याने या आम्लाचा त्यावर उपयोग होत नाही. त्याची आतली बाजू ॲल्युमिनाच्या बारीक कणांच्या फवाऱ्याने खरखरीत करावी लागते आणि एम-डी-पी असलेले द्रव्य वापरावे लागते. शिवाय तोंडात बसवून पाहताना झिर्कोनियाला लाळ लागली की लाळेतील फॉस्फेट त्याला चिकटून बसते आणि पुढच्या चिकटद्रव्याची जागा अडवते. म्हणून ते पुन्हा स्वच्छ करणे आवश्यक असते. महाग झिर्कोनिया घेऊन ते साध्या पद्धतीने बसवणे म्हणजे उंची कापडाला कच्चा टाका घालण्यासारखे आहे.

या सर्व विद्येचा शत्रू एकच, तो म्हणजे ओल. १८६४ मध्ये न्यूयॉर्कचे सॅनफोर्ड बार्नम यांनी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून लाळेपासून दात वेगळा ठेवण्याची युक्ती काढली. त्या रबर डॅमला दीडशेहून अधिक वर्षे लोटली, तरी आपल्याकडे ते अजून सर्वत्र वापरले जात नाही. ते लावायला काही मिनिटे जातात आणि रुग्णाला क्षणभर अवघडल्यासारखे वाटते. पण कॉम्पोझिटचे फिलिंग सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थराला निळा प्रकाश देत भरावे लागते. त्या साऱ्या वेळात दात कोरडा राहिला पाहिजे. घट्ट होताना कॉम्पोझिट आकारमानाने साधारण दोन-तीन टक्के आकसते, आणि लाळेने पकड आधीच ढिली केली असेल तर हे आकसणेच कडेला फट पाडते. दुकानावर गिऱ्हाईक थांबले आहे, पंधरा मिनिटांत उरकून टाका, असा आग्रह धरणाऱ्या रुग्णाला चांगले फिलिंग मिळणे कठीण. चाळीस-पन्नास मिनिटे देण्याची तयारी ठेवावी आणि रबर डॅम लावणार का, हे नम्रपणे विचारावे. उपवासाच्या दिवसांत पाणी घशाखाली जाईल अशी भीती वाटणाऱ्यांसाठीही हा पडदा उपयोगाचा आहे. तथापि अठ्ठाई किंवा तेल्यासारख्या तपाच्या काळात तातडीचे नसलेले काम पारण्यानंतरच करवून घेणे बरे. चौविहार पाळणाऱ्यांनी सकाळची वेळ मागावी. कॉम्पोझिट प्रकाशाने लगेच घट्ट होते, त्यामुळे चांदी भरल्यावर जशी दिवसभर वाट पाहावी लागे तशी पाहावी लागत नाही. केवळ बधिरपणा उतरण्याचा वेळ सूर्यास्तापूर्वी हाती राहिला पाहिजे.

आपल्या घरांत दात दुखला की पहिला हात लवंगेच्या तेलाच्या बाटलीकडे जातो. त्या तेलातील युजेनॉल वेदना शमवते हे खरे. पण तेच युजेनॉल राळेला नीट घट्ट होऊ देत नाही. लवंग तेल लावले असेल, किंवा पूर्वी लवंगाचा वास असलेले तात्पुरते सिमेंट भरले असेल, तर ते डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. लग्नसराईत दुसरी एक गोष्ट घडते. विवाहाच्या आठवड्यात आधी दात पांढरे करवून घेतात आणि दुसऱ्याच दिवशी व्हेनियर किंवा फिलिंग मागतात. पांढरे करण्याच्या औषधातला प्राणवायू दातात काही दिवस रेंगाळतो आणि राळेला घट्ट होऊ देत नाही. मध्ये किमान एक, शक्यतो दोन आठवडे जाऊ द्यावेत. त्या काळात दाताचा रंगही स्थिरावतो आणि छटा अचूक जुळते. मुहूर्त आधीच ठरलेला असतो, तर हा हिशेबही आधी मांडता येतो.

मारवाडातून आलेल्या कुटुंबांसाठी आणखी एक बाब. नागौर, जालोर अशा भागांतील विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण जास्त आढळते. महाराष्ट्रात चंद्रपूर, यवतमाळ येथेही तसे पट्टे आहेत. बालपण तेथे गेलेल्यांच्या दातांवर तपकिरी डाग किंवा खडूसारखे पट्टे दिसतात. अशा एनॅमलवर आम्लाचा परिणाम सावकाश होतो, म्हणून डॉक्टर ते अधिक वेळ ठेवतात किंवा वरचा थर हलकासा घासून घेतात. बालपण कोठे गेले, हा प्रश्न दंतवैद्याने विचारला तर तो केवळ ओळख वाढवण्यासाठी नसतो.

या मालात काही प्राणिज आहे का, हा प्रश्न आपल्या समाजातून हमखास येतो आणि तो योग्यच आहे. चिकटद्रव्ये आणि कॉम्पोझिट यांचे मुख्य घटक कृत्रिम मेथॅक्रिलेट राळ, काच व सिलिकाचे कण हे आहेत. डेंटीनमध्ये ज्या कोलॅजेनला राळ धरते ते रुग्णाच्या स्वतःच्या दाताचे असते. विचारपूस करावी लागते ती वेगळ्या कामांत. हाड भरण्याची काही भुकटी, कोलॅजेनचा पडदा आणि दात काढल्यावर ठेवायचा जिलेटिनचा स्पंज ही गाय, डुक्कर आदी प्राण्यांपासून येऊ शकतात, आणि त्यांना कृत्रिम पर्याय उपलब्ध असतात. पण पूर्ण सत्य सांगायचे तर हेही सांगितले पाहिजे की चिकटद्रव्यांची पकड मोजणाऱ्या अनेक प्रयोगशाळा काढलेल्या मानवी दातांबरोबर कत्तलखान्यातून आणलेले गोवंशाचे दातही वापरतात. याचे उत्तर प्रत्येकाने आपल्या विवेकाने शोधावे.

दिगंबर मुनींच्या २८ मूलगुणांत अदंतधावन आहे. पण ते दिवसातून एकदाच आहार घेतात. गादीवर बसून दिवसभर चहा, मुखवास आणि गोड बडीशेप चघळणाऱ्या श्रावकाला ती सवलत घेता येत नाही. कितीही उत्तम चिकटवलेल्या कामाच्या कडेला नवी कीड लागली की ते काम संपले.

जुनी चांदी काढून टाकावी का? शाबूत असेल, कडा नीट असतील, तर केवळ रंगासाठी ती उपटू नये. काढताना निरोगी दातही जातो. पाऱ्याविषयीच्या मिनामाटा करारावर भारताने २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून दातांत चांदी भरणे अपवाद वगळता बंद केले; यामागे पर्यावरणात जाणारा पारा हे मुख्य कारण आहे.

कॅप निघाली तर ती घरच्या झटपट डिंकाने चिकटवू नये. आत जुने सिमेंट राहते, कॅप वाकडी बसते आणि पुढे ती सोडवताना दात मोडतो. डबीत घालून ती घेऊन जावी. दात सुस्थितीत असेल तर आतली बाजू स्वच्छ करून तीच पुन्हा बसवता येते. आणि मूल सायकलवरून पडून पुढच्या दाताचा तुकडा उडाला, तर रडारडीत तो तुकडा शोधण्याचे भान कोणीतरी ठेवावे. तो स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावा. सुकला तर त्याचा रंग फिका पडतो आणि पकडही कमी होते. त्याच दिवशी दंतवैद्याकडे पोहोचल्यास, नस उघडी पडलेली नसेल आणि तुकडा अखंड असेल, तर मुलाचा स्वतःचाच दात त्याला परत चिकटवून देता येतो.